अर्ज आत्ता कुठल्या टेबलावर आहे?

(टोंकखुर्द येथे मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी विषयाची चिठ्ठी पाठवली तिच्यावर एवढेच लिहिले होते : "शहरे आणि डिजिटल तंत्रज्ञान." चिठ्ठी वाचून आम्हाला प्रथम हसूच आले. टोंकखुर्दला सोयाबीनच्या शेतांच्या मधोमध बसून शहराच्या संगणकांची चर्चा करायची! शहर म्हणजे आपल्या दृष्टीने इंदूर. मुले तिथे शिकतात, डोळ्यांचे ऑपरेशन तिथे होते, लग्नाचा बस्ता तिथेच बांधला जातो. शहराचे शहराने बघावे, आपण काय बोलायचे?

पण विचार करता करता लक्षात आले, की या गोष्टीची आपल्या भागातली पहिली मोठी सुरुवात इंदुरात झालीच नाही. ती झाली धार जिल्ह्यात, तीही खेड्यांत. म्हणून आधी धारला जाऊ, मग इंदूरला, आणि शेवटी आपल्या नगर परिषदेच्या दारात येऊन उभे राहू.

२००० सालच्या जानेवारीत धार जिल्ह्यात 'ज्ञानदूत' नावाची योजना सुरू झाली. इथल्या बऱ्याच ज्येष्ठांना ती आठवत असेल. धारच्या जिल्हा पंचायतीत एक मुख्य संगणक आणि आठवडी बाजाराच्या किंवा रस्त्यावरच्या मोठ्या गावांत वीसेक 'सूचनालये'. फोनच्या तारेने ती मुख्य संगणकाला जोडलेली. सूचनालयात गावातलाच मॅट्रिक झालेला मुलगा बसायचा, त्याला 'सूचक' म्हणत. पाच रुपयांत मंडीचे भाव कळत, पंधरा रुपयांत खसऱ्याची नक्कल मिळे, दहा रुपयांत तक्रार नोंदवता येई आणि सात दिवसांत उत्तर मिळेल असे वचन असे. केंद्रे पुढे तिसाच्या वर गेली. सगळ्याचा सुरुवातीचा खर्च सुमारे २५ लाख रुपये. आज एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणावरही यापेक्षा जास्त खर्च होतो.

त्यातली बागडी गावची गोष्ट पुढे बऱ्याच अहवालांत गेली. गावातला व्यापारी बटाट्याला क्विंटलमागे ३०० रुपये देत होता. शेतकऱ्यांनी सूचनालयात बसून बाहेरच्या बाजाराचा भाव पाहिला, तो होता ४००. माल तिकडे गेला. अशा कामासाठी 'ज्ञानदूत'ला २००० साली स्टॉकहोमचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. धारच्या पवारांचे नाव पानिपतापर्यंत गेले होते. धारच्या सूचनालयांचे नाव स्वीडनपर्यंत गेले, असे तेव्हा कुणीतरी म्हणाल्याचे आम्हाला आठवते.

आणि मग काय झाले? पुढच्या काही वर्षांत त्यातली बरीच केंद्रे ओस पडली. फोनच्या तारा खराब, विजेचा पत्ता नाही, हे कारण सगळे सांगतात, आणि ते खरेच आहे. पण आमच्या मते मोठे कारण दुसरे होते. सूचनालयातून तक्रार क्षणात धारला पोचायची. त्यानंतर ती जुन्याच फायलीत, जुन्याच बस्त्यात, जुन्याच बाबूच्या मर्जीवर पडून राहायची. अर्ज विजेच्या वेगाने जाई आणि सही बैलगाडीच्या वेगाने येई. ज्यांनी ही योजना उभी केली त्या अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या, आणि नव्यांना तिच्यात रस राहिला नाही. लोक तरी का येतील? दहा रुपये देऊन उत्तर मिळाले नाही, तर माणूस पुढच्या वेळी ते दहा रुपये बसभाड्याला लावतो आणि स्वतःच कचेरीत जाऊन उभा राहतो.

महाराष्ट्रातही साधारण हेच दिसले. वारणानगरला १९९८ पासून सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रयोग झाला. तिथे सर्वांत जास्त चालले ते उसाचे काम : वजन किती, तोड कधी, बिल किती. कारण त्या संगणकाच्या दुसऱ्या टोकाला साखर कारखाना होता आणि त्याला ऊस हवाच होता. दुसऱ्या टोकाला गरज असलेला माणूस बसला की यंत्र चालते.

सरकारी कचेरीच्या दुसऱ्या टोकाला ही गरज कुठून आणायची? हा या विषयातला खरा प्रश्न, आणि त्याचे एक चांगले उत्तर धारच्याही आधी दक्षिण कोरियाच्या राजधानीने दिले. सेऊल महापालिकेने १९९९ मध्ये एक पद्धत सुरू केली. बांधकामाची परवानगी, दुकानाचा परवाना, असल्या ज्या कामांत पैसे खाल्ले जातात, नेमकी ती कामे निवडली. नागरिकाने अर्ज केला की तो घरी बसून बघू शके : माझा अर्ज आत्ता कुठल्या टेबलावर आहे, त्या टेबलावर कोण बसतो, तिथे तो कधी आला. बस, एवढेच. लाच घेणारा माणूस अर्ज अडवतो तेव्हा तो कुठे अडला हे कुणाला कळत नाही, ही त्याची सर्वांत मोठी सोय असते. सेऊलने ती सोय काढून घेतली.

आपल्याला हे समजायला कोरियाला जावे लागू नये. आपण देवासचे. १९४८ पर्यंत एकाच गावात दोन राज्ये नांदलेली आपण ऐकली आहेत, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल, त्या बाजूला दुसऱ्याचा. गटार तुंबले तर कुणाच्या हद्दीत तुंबले यावर दोन्हीकडचे कारभारी घोळ घालत, अशा गमती आपल्या घरांतून सांगितल्या जातात. खऱ्या किती, रचलेल्या किती, देव जाणे. पण आजही रस्त्याचा खड्डा बुजवायचा म्हटला की नगर परिषद म्हणते हा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, आणि ते खाते म्हणते हा नगर परिषदेचा. राज्ये विलीन झाली, पात्या मात्र शिल्लक आहेत.

आता मध्य प्रदेशाकडे थोडे न्यायाने पाहू, कारण आपण टीकाच फार करतो. लोकसेवा हमीचा कायदा करणारे देशातले पहिले राज्य आपले, साल २०१०. जातीचा दाखला, नामांतरण, नळजोडणी, अशा सेवांना मुदत ठरवून दिली. मुदतीत काम झाले नाही तर त्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड, आणि तो अर्जदाराला भरपाई म्हणून देता येतो. २०१२ पासून लोकसेवा केंद्रे उघडली. तिथे पावती मिळते, पावतीवर तारीख असते. या तारखेचे महत्त्व आपल्यातल्या किती जणांना कळले आहे, याची आम्हाला शंका आहे. सबंध संगणकापेक्षा ती तारीख मोठी. तिच्यामुळे पुढच्या अपिलाला पाय फुटतात.

मग २०१४ मध्ये १८१ ची मुख्यमंत्री हेल्पलाइन आली. फोन करा, तक्रार लिहून घेतली जाते, क्रमांक मिळतो. ठरलेल्या दिवसांत खालच्या अधिकाऱ्याने काम केले नाही तर तक्रार आपोआप वरच्या पातळीवर चढते. अशा चार पातळ्या. ढोबळमानाने सेऊलचाच विचार. आणि तक्रार संपली की नाही हे विचारायला तक्रारदाराला फोन येतो.

पण इथे एक प्रसंग सांगतो. तो आमच्याच घरातला आहे. गल्लीतली पाइपलाइन फुटली होती, पिण्याच्या पाण्यात गटाराचे पाणी येत होते. आम्ही १८१ वर तक्रार केली. सहाव्या दिवशी एका कचेरीतून फोन आला. कचेरीचे नाव घेत नाही. मोठ्या आदबीने गृहस्थ म्हणाले, "काकासाहेब, काम होऊन जाईल, तुम्ही जरा तक्रार बंद करून टाका. वरून रोज विचारणा होते हो." आम्ही विचारले, पाइप जोडला का? म्हणाले, "जोडतो ना, पण आधी तुम्ही बंद करा." आम्ही काय केले असेल? आम्ही बंद केली. भिडस्तपणा! त्यांचे वडील आमच्या ओळखीचे, घरी येणे-जाणे. पाइप त्यानंतर एकवीस दिवसांनी जोडला गेला, तोवर गल्लीतली तीन मुले पोटाने आजारी पडली. त्यातले एकही आमच्या घरातले नव्हते, आणि हेच आज सांगायला जड जाते.

भगिनींनो आणि बंधूंनो, पुढची गोष्ट कुणाला बोचली तर क्षमा असावी. आपण मराठी घराणी या माळव्यात पवार-होळकरांबरोबर आलो. कुणी फडणीस होते, कुणी कमाविसदार, कुणी साधे कारकून. कचेरी आपल्याला परकी कधीच नव्हती. पुढे राज्ये गेली, तरी शाळेत मास्तर आपले, तहसिलीत बाबू आपले, बँकेत खजिनदार आपले. त्यामुळे आपल्याला रांगेत उभे राहायची सवय लागलीच नाही. काम अडले की आपण आठवतो, कोण कुणाचा मेहुणा. अजूनही गटातल्या संदेशांत हेच विचारले जाते : "कलेक्टर कचेरीत आपले कुणी आहे का?"

याने आपले काम होते, यात शंका नाही. पण शेजारचे खाती कुटुंब, मागच्या गल्लीतले बलाई कुटुंब, त्यांचे कुणी तिथे नसते. त्यांच्यासाठी १८१ आणि ती तारखेची पावती हीच ओळख आहे. ज्यांना लिहिता-वाचता येते, कायदा कळतो, अधिकाऱ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलता येते, ती आपल्यासारखी माणसेच मागच्या दाराने जाणार असतील, तर पुढच्या दाराची कडी गंजली याची ओरड कोण करणार? आणि आता तर आपल्यातलेही किती जण कचेरीत उरले आहेत? मुले पुण्याला, बंगलोरला. ओळखीचा साठा आटत चालला आहे. आज ना उद्या आपल्यालाही त्याच रांगेत जायचे आहे, तर ती रांग नीट चालते की नाही हे बघणे आपल्या स्वार्थाचेही आहे.

इंदूरकडे येतो. इंदूर २०१७ पासून सलग देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरत आले. बाहेरचे लोक पाहायला येतात, त्यांना नियंत्रण कक्षातला मोठा पडदा दाखवतात. प्रत्येक कचरागाडीवर जीपीएस, गाडीने गल्ली चुकवली की कळते. तक्रारीसाठी '३११' नावाचे ॲप आहे. हा आकडा अमेरिकेतून आला. बाल्टिमोर शहराने १९९६ मध्ये तातडीच्या नसलेल्या तक्रारींसाठी तो क्रमांक पहिल्यांदा वापरला. हे सगळे ठीक. पण आमच्या इंदूरच्या बहिणीला विचारा. ती म्हणते, गाडी रोज सकाळी ठरल्या वेळी येते, म्हणून मी ओला-सुका वेगळा ठेवते. एक दिवस आली नाही तर कोपऱ्यावर ढीग लागेल. पडदा मोलाचा ठरला, कारण तो पाहून गाडी पाठवणारा आणि गाडी आली नाही तर जाब देणारा माणूस महापालिकेने नेमला होता. नुसता पडदा आणून टोंकखुर्दला लावला, तर त्यावर आपण क्रिकेट पाहू.

वाहतुकीत तर इंदूरने दोन्ही धडे दिले. २००६ मध्ये तिथे नवी सिटी बस सुरू झाली. बस खाजगी मालकांची. मार्ग, भाडे आणि देखरेख मात्र सार्वजनिक कंपनीची. प्रत्येक बस कुठे आहे हे उपग्रहावरून कळे आणि थांब्यावर पाटी सांगे, पुढची बस किती वेळात. टेंपोत कोंबून जाणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी वेळ सांगितली. त्यावर २०१३ मध्ये बीआरटीएस झाली, निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, साडेअकरा किलोमीटर, बसला वेगळी वाट, दारे आपोआप उघडणारे थांबे. उत्तम यंत्रणा. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती वाट काढून टाकायला सुरुवात झाली. बसवाट राखून ठेवायची की मोटारींना द्यायची, हा हिशेब कुठलाही संगणक करून देत नाही. तो राजकारणाने करायचा असतो. मोटारवाल्यांचा आवाज मोठा होता. बसमधून उतरून दवाखान्यात जाणारी आपल्या गावची म्हातारी कुठल्या बैठकीत बोलली नाही. याच शहरात २०१७ साली बर्फानी धाम चौकात वाहतूक सांभाळायला चौदा फुटी यंत्रमानव उभा केला होता. लोक त्याच्याबरोबर फोटो काढत. असो. ३१ मे २०२५ पासून तिथे मेट्रोही धावू लागली आहे, पहिल्या टप्प्यात सहा किलोमीटर.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. मध्य प्रदेशात २०१५ पासून डायल १०० होते, २०२५ च्या ऑगस्टपासून त्या जागी ११२ आले. तुम्ही इथून फोन केला तरी तो भोपाळला उचलला जातो आणि जवळची गाडी कुठे आहे ते तिथे दिसते. रात्री-बेरात्री एकट्या राहणाऱ्या आपल्या आजी-आजोबांसाठी ही मोठी सोय आहे. क्रमांक मोठ्या अक्षरात भिंतीवर लावून ठेवा. कॅमेऱ्यांचे मात्र आम्हाला इतके कौतुक वाटत नाही. २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत कॅमेरे लावायचे ठरले. सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचे ते जाळे पूर्ण व्हायला २०१६ उजाडले. मुंबईला आठ वर्षे लागतात, तर लहान गावात चौकाचौकांत कॅमेरे लावू म्हणणाऱ्याला आपण दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. बंद पडला तर दुरुस्ती कुणाच्या पैशाने? आणि त्यातले चित्र कोण बघणार? आपल्या लेकीसुना कुठे जातात-येतात हे गावातल्या रिकामटेकड्यांच्या मोबाइलवर फिरणार असेल, तर ती सुरक्षा नव्हे.

आता नगर परिषद. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात येतील तेव्हा 'स्मार्ट' हा शब्द नक्की ऐकू येईल. केंद्राची स्मार्ट सिटी योजना २०१५ मध्ये शंभर शहरांसाठी आली आणि ३१ मार्च २०२५ ला संपली. टोंकखुर्द तिच्यात नव्हते, म्हणून वाईट वाटून घेऊ नये. आपल्याला ज्या गोष्टी हव्यात त्यांना कोटी रुपये लागत नाहीत. नळाला पाणी कधी येणार याचा संदेश आदल्या रात्री फोनवर यावा. आलेल्या तक्रारींची यादी दर महिन्याला परिषदेच्या फळ्यावर लागावी : तारीख, काम, कुणाकडे आहे, झाले की नाही. फळ्यावर खडूने लिहिली तरी आम्हाला चालेल. इंटरनेट गेले तरी फळा जात नाही. उमेदवाराला आपल्या मंडळाने एवढेच विचारावे, की ही यादी लावणार का, हो की नाही.

या तहसिलीत लोकांनी एवढे करून दाखवले आहे. १९९० मध्ये देवासला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आणि २००६ नंतर याच टोंकखुर्द भागात, हरनावदा, धतुरिया, टोंककलाँ, शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतात तळी खणली. त्यावेळचे कलेक्टर उमाकांत उमराव शेतकऱ्यांपर्यंत पोचले आणि नफ्या-तोट्याचे गणित त्यांनी समजावून दिले. आधी मोठ्या जमिनीवाल्यांनी खणले, मग बाकीच्यांना धीर आला. तक्रारीच्या रांगेतही आधी जमीनवाल्यांनी, म्हणजे आपण, उभे राहायला काय हरकत आहे?

एक अडचण मात्र आम्हाला घरोघरी दिसली. समग्र आयडी असो, पेन्शन असो, ओटीपी येतो तो पुण्याच्या मुलाच्या फोनवर. मुलगा मीटिंगमध्ये असतो, इथे केंद्रावर वडील ताटकळत असतात, आणि दहा मिनिटांत तो आकडा शिळा होतो. वहिनींच्या नावावर तर बहुतेक घरांत फोनच नाही. विधवा झाल्यावर पहिली अडचण इथेच येते. हे सरकारने सोडवायचे नाही, आपल्या घरात सुटेल.

म्हणून मंडळाच्या चार तरुण मुलामुलींना आम्ही आज थांबवून ठेवले आहे. चहा झाला की ती दाराजवळच्या टेबलावर बसतील. आपला समग्र आयडी, आधार कार्ड आणि आपला स्वतःचा फोन घेऊन जा, कुठला क्रमांक जोडलेला आहे तो बघून घ्या. ज्यांची तक्रार आहे त्यांना १८१ लावून देतील. क्रमांक वहीत लिहून ठेवतील. ती वही मंडळाच्या कपाटात राहील, आणि "तक्रार बंद करा" असा फोन आला तर आधी मंडळाला कळवा, मग उत्तर द्या. आमची त्या गल्लीची तक्रार आम्ही नव्याने टाकली आहे, कारण जोडलेला पाइप परत गळतो आहे. वहीत तिचा क्रमांक पहिला आहे.